आंबेकाढणीचं अवजार करायचंय? पातं नंतर, आधी काठीच्या टोकाचं वजन करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मेकॅनिकल इंजिनीअर आहेत, पुण्यात नोकरी करतात. त्यांच्या मामांची रत्नागिरी तालुक्यात हापूसची जुनी बाग आहे, कलमं तीस-पस्तीस फुटांपर्यंत गेलेली. काढणीला माणसं मिळत नाहीत आणि मिळतात त्यांचा रोज परवडत नाही. म्हणून त्यांनी एक अवजार योजलंय: अॅल्युमिनियमची लांबवता येणारी काठी, टोकाला बॅटरीवरची कात्री आणि पानांआडचा आंबा दिसावा म्हणून छोटा कॅमेरा. याने काढणीचा वेग दुप्पट होईल का, काठी अॅल्युमिनियमची करू की कार्बन फायबरची, आणि सुरुवात कुठून करू, असं त्यांनी विचारलंय.

मी बरीच वर्षं कोकणातल्या बागायतदारांसाठी हातअवजारं बनवतो. झेले (म्हणजे टोकाला पातं आणि जाळी असलेल्या आंबेकाढणीच्या काठ्या), शिड्या, कोयते, काजू-सुपारीची किरकोळ यंत्रं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आणि त्यातलं थोडं तुम्हाला आवडणार नाही.

आधी हे ठरवा की दुप्पट काय व्हायला हवं. तासाला किती आंबे झाडावरून सुटले हा आकडा मोजायला सोपा, पण बागायतदाराच्या कामाचा नाही. त्याला पैसे मिळतात ते पेटीत जाणाऱ्या डझनांचे. आपटलेला, देठ उपटलेला, चिकाचा डाग पडलेला आंबा पेटीत जात नाही. तो कॅनिंगला जातो आणि तिथे किलोवर विकला जातो. वेग वाढला आणि त्यासोबत कॅनिंगचा ढीगही वाढला, तर मामा तुमचं अवजार पुढच्याच आठवड्यात माळ्यावर टाकतील.

हापूसचा देठ अगदी फळापाशी तुटला की पहिल्या काही क्षणांत चीक उडतो. हा पहिला चीक तेलकट असतो. तो सालीवर ओघळला की तिथली साल भाजल्यासारखी काळवंडते. बागेत तो डाग दिसत नाही, अढीत पिकायला ठेवल्यावर दिसतो, आणि कधीकधी थेट गिऱ्हाइकाच्या घरी दिसतो. देठ दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापला तर चीक उडत नाही, शिवाय देठाकडून शिरणारी कूजही कमी होते. म्हणून आपल्याकडे काढणीच्या अवजाराची पहिली परीक्षा एकच: फळ देठासकट खाली येतं का? दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला याच कारणासाठी बागांत रुजला. तो तुम्ही पाहिला नसेल तर कागदावर रेघ ओढण्याआधी एक विकत घ्या आणि सकाळभर स्वतः वापरा. तुमच्या अवजाराची तुलना त्याच्याशी होणार आहे, रिकाम्या हाताशी नाही.

दुसरी अडचण अशी की एका कलमावरचे सगळे आंबे एकाच दिवशी काढायचे नसतात. कोकणात मोहोर दोन-तीन टप्प्यांत येतो. त्यामुळे एकाच फांदीवर चौदा आणे (सोळातले चौदा भाग) तयार झालेला आंबा असतो, शेजारी दहा आण्यांचा, आणि पलीकडे सुपारीएवढी कैरी. काढणारा माणूस खालून खांदे भरलेत का बघतो, सालीचा रंग गडद हिरव्यावरून उतरलाय का बघतो आणि मग काठी उचलतो. म्हणजे तो आधी निवडतो, मग काढतो. झाड हलवून फळं पाडणारी यंत्रं इथे चालत नाहीत ती यामुळेच. कॅमेऱ्याने आंबा दिसणं वेगळं, तो काढायला झालाय हे कळणं वेगळं. हे दुसरं काम आज बागेतला माणूस एका नजरेत करतो, ते त्याच्याकडेच राहू द्या.

आता वेग. काढणीतला वेळ कुठे जातो हे बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा निराळं असतं. मोबाइल तिवईवर लावून एका माणसाची काढणी तासभर चित्रित करा, मग घरी बसून तुकडे पाडा: आंबा शोधणं, काठी तिथवर नेणं, कापणं, काठी खाली आणणं, जाळी रिकामी करणं, जागा बदलणं, क्रेट हलवणं. प्रत्येक तुकड्याचे सेकंद मांडा. समजा एका आंब्यामागे सरासरी वीस सेकंद निघाले आणि त्यात प्रत्यक्ष कापायला दोन लागतात. तुमच्या कात्रीने दोनाचा एक केला. वीसचे एकोणीस झाले, म्हणजे पाच टक्के. बॅटरी, मोटर, चार्जर, सगळा खटाटोप पाच टक्क्यांसाठी. हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या बागेत वेगळे निघतील. पण कापणं हा त्यातला सगळ्यात लहान तुकडा असतो हे मी जिथे जिथे बघितलंय तिथे खरं ठरलंय. मोठे तुकडे दोन: काठी खाली-वर करणं आणि माणसाने जागा बदलणं. डोकं तिथे लावा.

काठी खाली का येते? जाळी भरली म्हणून. मग जाळी मोठी करू, दहा आंबे मावतील अशी, हा पहिला विचार सगळ्यांना सुचतो. इथे जरा गणित करू.

टोकाची कडी, पातं आणि जाळी मिळून अर्धा किलो धरा. जाळीत पाव-पाव किलोचे चार आंबे, म्हणजे आणखी एक किलो. टोकाला दीड किलो झालं. पुढचा हात टोकापासून चार मीटरवर आहे आणि मागचा हात त्याच्या मागे साठ सेंटिमीटरवर. काठी आडवी असेल तर मागच्या हाताला खाली दाबावं लागतं १.५ × ४ ÷ ०.६, म्हणजे दहा किलोच्या जोराने. पुढच्या हातावर साडेअकरा किलोचा भार येतो. काठी साठ अंशांत उभी केली तरी मागच्या हाताला काठीशी काटकोनात पाच किलोचा जोर लागतोच. यात काठीचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही. टोकाला फक्त शंभर ग्रॅम वाढवा, मोटर म्हणा, कॅमेरा म्हणा, की आडव्या काठीत मागच्या हाताला साडेसहाशे ग्रॅमहून जास्त वाढतात. हे एकदा करायचं नाहीये, तासनतास करायचंय, मान वर करून, कातळावर उभं राहून.

म्हणून माझा नियम असा: टोकाला जे जे लावायचंय ते आधी तराजूवर ठेवा. मोटर आणि बॅटरी टोकाला अजिबात नको. बॅटरी लागणारच असेल तर ती काठीच्या बुडाशी, मागच्या हाताच्याही मागे बांधा. तिथे ती थोडा तोल तरी सांभाळते. जाळी चार-पाच आंब्यांपेक्षा मोठी करू नका. मोठी जाळी दिली की माणूस ती भरेपर्यंत खाली आणत नाही, खांदा भरून येईपर्यंत ओढतो, आणि वरचे आंबे खालच्यांवर आदळत राहतात.

काठीबद्दल तुमचा प्रश्न थेट आहे, म्हणून थेट सांगतो: अॅल्युमिनियम नको आणि कार्बन फायबरही नको. दोन्हींतून वीज वाहते. कोकणातल्या कितीतरी बागांमधून ११ के.व्ही.ची (उच्च दाबाची) लाइन गेलेली असते आणि जुनी कलमं वाढत वाढत तारांपर्यंत पोचलेली असतात. वर बघणाऱ्या माणसाचं लक्ष आंब्यावर असतं, तारेवर नसतं. कार्बन फायबर हे प्लॅस्टिकसारखं दिसतं म्हणून लोक फसतात. फायबर ग्लासची नळी घ्या, नाहीतर चांगला सुकवलेला बांबू. पहाटेच्या दवाने भिजलेला बांबूही भरवशाचा नाही, त्यामुळे लाइनखालच्या कलमांची काढणी लाइन बंद करून घेतल्याशिवाय करायचीच नाही, अवजार कुठलंही असो. हे मामांना आजच सांगा. यासाठी अवजार बनायची वाट बघू नका.

बांबूला मागासलेला समजू नका. सिंधुदुर्गात बांधावर होणारा माणगा जवळजवळ भरीव, सरळ आणि बिनकाट्याचा असतो, आणि निसर्गतःच बुडाला जाड, शेंड्याला बारीक. काठीला नेमकं हेच हवं असतं. ३२ मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची नळी मीटरला तीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, पण ती शेंड्यालाही तेवढीच जाड राहते. जिथे वजन सगळ्यात महाग पडतं तिथेच ते फुकट जातं. फायबर ग्लासची नळी घेतली तरी वरचा भाग बारीक व्यासाचा घ्या. फार बारीक केलात तर टोक डोलतं आणि देठावर पातं बसत नाही. हा तोल कागदावर नीट साधत नाही, हातात घेऊनच ठरवावा लागतो. एकात एक सरकणाऱ्या काठ्यांची कुलपं चीक आणि जांभ्याच्या धुळीने पहिल्याच हंगामात चिकटतात किंवा निसटतात. त्यापेक्षा दोन तुकडे आणि मध्ये पक्का जोड बरा. जवळच्या फांद्यांना एक तुकडा, लांबच्यांना दोन.

आता पात्याकडे येऊ. झेल्याचं काम जवळून बघा. माणूस जाळीचं तोंड फळाखाली नेतो, फळ आत घेतो, मग देठ पात्याच्या खाचेत अडकवून हलका हिसका देतो. देठ कापला जातो, पण त्याच हिसक्याने फांदी खाली वाकते आणि सुटल्यावर वर उसळते. त्या उसळीत शेजारच्या घोसातला एखादा पक्व आंबा सुटतो आणि पालापाचोळ्यात टपकन पडतो. काढणारा त्याच्याकडे बघतही नाही, पण दिवसाच्या शेवटी अशा पडलेल्यांचा वेगळा ढीग असतो. इथे कात्रीचा खरा फायदा आहे. कात्री देठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरते, फांदी ओढत नाही. म्हणजे तुमच्या कात्रीचं समर्थन वेगाने होत नाही, पडझड वाचवण्याने होतं. ते मोजायचं असेल तर एका कलमाखाली झेल्याने काढताना पडलेले आणि शेजारच्या तशाच कलमाखाली कात्रीने काढताना पडलेले वेगवेगळे मोजा. त्यात फरक दिसला नाही तर कात्री सोडून द्या.

दिसला, तर ती बॅटरीवर नको, दोरीवर करा. बुडाशी एक मूठ, काठीला कड्या, त्यातून बारीक न ताणली जाणारी दोरी, टोकाला स्प्रिंगची कात्री. सायकलच्या ब्रेकची केबल सगळ्यांना सुचते. ती चालते, पण चार-पाच मीटर लांबीत घर्षण इतकं वाढतं की बोटं दुखतात, आणि बाहेरची नळी वजन वाढवते. मोकळ्या दोरीची अडचण म्हणजे ती डहाळीत अडकते, म्हणून ती काठीला चिकटून जाईल अशा जवळजवळ कड्या हव्यात. पातं गावात मिळणारं ठेवा. हॅक्सॉ ब्लेड घासून केलेलं पातं गावातला लोहारही बदलून देतो. तुम्ही पुण्याहून खास पातं कापून आणलंत आणि ते एप्रिलच्या ऐन गडबडीत तुटलं तर अख्खं अवजार अडून बसेल. चिकाने पातं बोथट होत नाही, बुळबुळीत होतं आणि देठ सरकतो. दर तासाला खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसायची सवय लावली की निभतं.

जाळीबद्दल दोन शब्द. नायलॉनची गाठी असलेली जाळी आंब्यावरचा नैसर्गिक मेणचट थर पुसते आणि देठ तिच्या घरांत अडकतो. सुती आणि बारीक विणीची बरी.

काठी खाली आणण्याचा वेळ वाचवायचा मनाजोगा उपाय म्हणजे जाळीऐवजी कापडी बाही. कडीला लांब नळीसारखं कापड शिवायचं, फळ कापलं की ते बाहीतून घसरत थेट माणसाच्या हातात. काठी वरच राहते, माणूस पुढचा आंबा शोधतो. कल्पना देखणी आहे आणि मी ती मनापासून आवडीने करून बघितलीय. ती कुठे चालते आणि कुठे नाही हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. फळ चार मीटरवरून मोकळं येऊ दिलं तर खाली आपटेल, म्हणून बाहीला ठरावीक अंतरावर इलॅस्टिकची चुण्यांची पट्टी लागते, जी फळाला क्षणभर धरून सोडते. पण आपल्या आंब्याला देठ असतो. तो चुणीत अडकतो, मागून दुसरा आंबा येतो आणि पहिल्याच्या देठावर बसतो. देठ पाव इंचाच्या आसपास ठेवला तर अडकत नाही, पण मग चिकाचा धोका. जुन्या, दाट कलमाच्या आत बाही फांद्यांना गुंतते, सोडवण्यातच वेळ जातो. तरुण कलमांवर बाहेरच्या घेरावरचे आंबे काढायला मात्र ती खरोखर उपयोगी पडते. तुमच्या मामांच्या तीस फुटी झाडांना मी ती सुचवणार नाही. दुसरा कमी देखणा उपाय जोडीचा आहे. एक काढतो, दुसरा खाली उभा राहून फळं हेरतो, जाळी रिकामी करतो आणि क्रेट सरकवतो. दोन माणसांत दोन काठ्या देण्यापेक्षा एक काठी आणि दोन भूमिका दिल्या तर एकूण माल जास्त निघतो की कमी, हे झाडाच्या उंचीवर ठरतं. उंच झाडांवर माझा कौल जोडीला.

कॅमेरा काढून टाका. उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, आणि नजर खाली-वर करण्यात आंबा हरवतो. मानेचा त्रास मात्र खरा आहे आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. गिर्यारोहक दोर सांभाळताना प्रिझमचे चष्मे वापरतात, ज्यातून समोर बघत असताना वरचं दिसतं. तसा एक आणून बागेत दिला तर पहिला दिवस हसण्यात जाईल. पुढे कुणी वापरेल की नाही हे माणसावर आहे. मला स्वतःला त्यात गरगरतं.

शिडी हा अवजाराचाच भाग समजा. आपल्याकडची बांबूची शिडी फांदीला टेकते, म्हणजे फांदी हलली की शिडी हलते. अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या फळबागांत तीन पायांची शिडी सर्रास दिसते. पायऱ्यांची एक बाजू आणि मागे एकच पाय, जो उतारावर पुढेमागे करून बसवता येतो. चार पायांचं टेबल खडबडीत जमिनीवर डुगडुगतं, तिवई डुगडुगत नाही, तेवढंच तत्त्व. उतार आणि गडग्यांच्या (दगडी बांधांच्या) आपल्या मातीच्या जमिनीला ही शिडी योग्य आहे, आणि झाडाला टेकावीच लागत नाही; उघड्या कातळावर मात्र तिचे पाय सरकू शकतात. दहा-बारा फुटांची एक केलीत तर लांब काठीची गरजच निम्म्या झाडाला उरत नाही. धातूची केलीत तर तारांबद्दल वर लिहिलंय ते पुन्हा वाचा. तुमच्या शिक्षणाचा खरा उपयोग इथे आहे, बॅटरीच्या कात्रीत नाही.

त्याहून वर झाडावर चढावं लागतं. चढणाऱ्याला कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, आणि दोर बांधायची फांदी आधी ठोकून बघायची. भिरूड (लाकूड पोखरणारी अळी) लागलेली फांदी बाहेरून जाडजूड दिसते आणि आतून पोकळ असते. लाल मुंग्यांची पानं शिवलेली घरटी असतील तर आदल्या दिवशी हेरून ठेवा. मुंग्या चावत असताना कुणी हार्नेस नीट अडकवत बसत नाही.

परदेशातल्या यंत्रांबद्दल तुम्ही वाचलं असेलच. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मजूर चालत्या फलाटावर उभे राहून सफरचंद काढतात आणि ते काम छान चालतं. पण तिथे आधी बाग बदलली. झाडं तारांवर वळवून भिंतीसारखी सपाट केली, रांगा सरळ, जमीन सपाट, फळ हाताच्या टप्प्यात. छातीवर अडकवायची त्यांची पिशवीही सफरचंदाला चिकाचा प्रश्न नाही आणि देठाचाही आंब्याइतका नाही म्हणून चालते. आपल्या देठासकटच्या आंब्यांनी ती भरली तर देठ शेजारच्या फळाला ओरखडे काढतात. यंत्रमानवांचं म्हणाल, तर व्हॅक्यूमने सफरचंद ओढून घेणारं यंत्र बनवणारी अबंडंट रोबोटिक्स ही अमेरिकी कंपनी २०२१ मध्ये बंद झाली, आणि ती सोप्या झाडांवर काम करत होती.

म्हणून मामांशी झाडांबद्दल बोला. काढणी सोपी करणारा सगळ्यात मोठा बदल काठीत नसून छाटणीत आहे. जुन्या कलमांचं पुनरुज्जीवन, म्हणजे वरच्या फांद्या टप्प्याटप्प्याने उतरवून मध्य मोकळा करणं, हे दापोली विद्यापीठ कधीपासून सांगतंय. त्याची किंमत अशी की छाटलेलं कलम दोन-तीन वर्षं फारसं देत नाही. अख्खी बाग एकदम छाटायची हिंमत कुणाची होत नाही आणि होऊही नये. दरवर्षी काही कलमं घ्या. नवीन लागवड करायची झाली तर जुन्या १० × १० मीटरमध्ये हेक्टरी १०० कलमं बसतात, ५ × ५ मध्ये ४००, आणि ती छाटून हाताच्या टप्प्यात ठेवता येतात. पाच-सात वर्षांनी तुमच्या लांब काठीची गरज कमी व्हावी हे मामांच्या फायद्याचं आहे, हे लक्षात ठेवून तिच्यावर खर्च करा.

आंबा जमिनीवर आल्यावरचं काम कुणी अवजार मानत नाही. भरलेला क्रेट वीस किलोच्या घरात जातो, आणि तो चुंबळीवर घेऊन उतारावरून, गडग्याच्या फटीतून शेडपर्यंत नेतात त्या बहुतेक बायका. उन्हात पडून राहिलेल्या फळात साका (गराचा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) वाढतो, म्हणून माल लवकर सावलीत जायला हवा, आणि काढणी सकाळी नाहीतर उन्हं कलल्यावरच करायची असते. म्हणजे काढणाऱ्याचा वेग वाढला आणि वाहणारी तीच राहिली, तर आंबे कातळावर तापत बसतील. तुमच्या चित्रीकरणात शेडपर्यंतच्या फेऱ्याही मोजा. मोठ्या चाकाची एकचाकी हातगाडी, दोन क्रेट खाली आडवे बसतील अशी, आणि गडग्यांतल्या वाटा थोड्या रुंद करणं, एवढ्यावर कधीकधी कात्रीपेक्षा जास्त मिळतं. दिसायला ते काहीच नसतं, त्यामुळे कुणी करत नाही.

शेवटचा मुद्दा माणसांचा, आणि इथे सगळं परिस्थितीवर आहे. रत्नागिरीतल्या बागांत वर्षानुवर्षं नेपाळी कामगार राखण आणि काढणी करतात, काही जण पूर्ण हंगामाच्या ठरावाने, काही रोजावर. ठरावाने आलेल्याला अवजाराने काम लवकर संपलं तर आराम मिळतो, तो ते आवडीने वापरेल. रोजावरच्याला काम लवकर संपलं तर उरलेल्या दिवसांचा रोज बुडतो, त्याने ते का वापरावं? मामा मजुरी कशी देतात हे आधी विचारा. क्रेटमागे पैसे देऊन, त्यात पहिल्या प्रतीच्या आंब्याला जास्त, अशी रचना काही बागायतदार करतात. त्यात वेग आणि निगा दोन्हींची किंमत मिळते, पण वर्गवारी कामगारांसमोर व्हायला हवी, नाहीतर भांडणं ठरलेली. मुठीची जाडी, काठीचा तोल, दोरी कुठल्या हाताने ओढायची, हे त्यांनाच ठरवू द्या. ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. साहेबांनी आणलंय म्हणून 'चांगलं आहे' म्हणतील आणि तुम्ही पुण्याला निघालात की जुना झेला काढतील. त्यामुळे त्यांच्या म्हणण्यापेक्षा मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) भिंतीला कुठली काठी धुळीने भरलीय ते बघा.

कधी काय करायचं ते सांगतो. आंब्याचा हंगाम मार्च ते मे, आणि त्यात कुणाला तुमच्या प्रयोगांसाठी सवड नसते. म्हणून पहिल्या चाचण्या हिवाळ्यात चिकूवर करा. डहाणू-घोलवडकडे त्या वेळी चिकूची काढणी जोरात असते, चीक तिथेही आहे, आणि काठी-जाळीचं कामही सारखंच आहे. फक्त चिकू हलका आणि त्याचा देठ सहज तुटतो, त्यामुळे पात्याची परीक्षा तिथे होत नाही, काठीच्या तोलाची होते. पात्यासाठी घरीच पाव किलो वाळूच्या पिशव्या सुतळीने फांदीला टांगा आणि हिसक्याने फांदी किती उसळते ते मोबाइलवर हळू गतीने चित्रित करा. मार्चमध्ये पहिल्या तोडीला बागेत एकच नमुना न्या, दुसरा घरी ठेवा. मे संपता संपता कामगार गावी निघायच्या आत त्यांच्यासोबत एक संध्याकाळ बसा, आणि हंगामात जे जे मोडलं ते तुकडे फेकू नका म्हणून आधीच सांगून ठेवा. कुठे मोडलं ते पाहिलं की पुढच्या वर्षी काय बदलायचं हे बऱ्यापैकी कळतं.